बेकायदेशीर स्थलांतराने समाजाचं खरंच नुकसान होतं का, आणि भिंत बांधून ते थांबतं का?

तुम्ही विचारलंय की बेकायदेशीर स्थलांतरावरून सगळीकडे एवढा वाद चाललाय, तर समाजाचं खरंच काही नुकसान होतं का की हे सगळं निवडणुकीपुरतं असतं, आणि भिंत बांधून, पकडून परत पाठवून हे थांबतं का. मी बडोद्याचा मराठी माणूस, जन्म-शाळा-कॉलेज सगळं इथलंच, आणि व्हिसाच्या फायली तयार करून देणाऱ्या एका ऑफिसात बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे या विषयाची एक बाजू रोज माझ्या टेबलावर यायची. म्हणून जरा लांब लिहितोय.

नुकसान होतं, हे आधी स्पष्ट सांगतो. एखाद्या शहरात असे हजारो लोक राहायला लागतात ज्यांना पगार बुडाला तरी पोलिसात जाता येत नाही, मशीनमध्ये हात गेला तरी मालकाला जाब विचारता येत नाही, घरमालकाने रात्रीतून बाहेर काढलं तरी गप्प बसावं लागतं, तिथून हे नुकसान सुरू होतं. कारण असा माणूस कमी पैशात मिळतोय म्हटल्यावर ठेकेदार कागदपत्रं असलेल्या माणसाला पूर्ण मजुरी कशाला देईल? मग त्या कागदवाल्याची मजुरीही खाली येते आणि त्याचा राग निघतो शेजारी राहणाऱ्या परक्यावर. ठेकेदार कुठेच दिसत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, की या धंद्यात पैसा कमावणारे दोघं, आणणारा एजंट आणि राबवून घेणारा मालक, आणि वादात नाव फक्त तिसऱ्याचं, त्या राबणाऱ्याचं, घेतलं जातं.

गुजरातमध्ये हे दोन्ही टोकांनी दिसतं. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, हातापायात बेड्या घालून आणलेले, त्यातले ३३ आपल्या गुजरातचे. सगळे हळहळले. त्यानंतर एप्रिलच्या शेवटी अहमदाबाद आणि सुरतमध्ये पोलिसांनी एका रात्रीत हजारावर लोक बांगलादेशी असल्याच्या संशयावरून उचलले, पाठोपाठ अहमदाबादच्या चांदोळा तलावावरची घरं पाडली. पकडलेल्यांतले बरेचजण तपासात भारतीयच निघाले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फेब्रुवारीत 'बिचारे पोटासाठी गेले होते' असं लिहिणारे काका एप्रिलमध्ये 'एकेकाला हाकला' लिहीत होते. मी त्यांच्यावर चिडत नाही, आपल्या ओळखीतल्या घरचा मुलगा गेला की त्याची मजबुरी दिसते, अनोळखी माणसाची दिसत नाही, पण कायद्याच्या नजरेत दोघांनी केलेलं एकच आहे हे तरी मान्य करायला हवं ना.

आता आमच्या ऑफिसातलं सांगतो. खरी फाइल म्हणजे बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, प्रॉपर्टीचे कागद, नोकरीचं पत्र, आणि मुख्य म्हणजे परत येण्याचं कारण. लोक यायचे आणि सरळ विचारायचे, 'फक्त विझिटर करून द्या, तिकडे उतरल्यावरचं आमचं आम्ही बघू.' अशी फाइल आम्ही घेत नसू. मग ते एजंटकडे जायचे. एजंट एकटा नसतो, गावातला वेगळा, शहरातला वेगळा, मधल्या देशातला वेगळा, आणि सरहद्दीवरून चालवत नेणारा तर अगदीच वेगळा, त्याला घरच्यांनी कधी बघितलेलंही नसतं. काही ठिकाणी 'पोहोचल्यावर पैसे' असा सौदा असतो त्यामुळे घरच्यांना वाटतं की जबाबदारी एजंटची आहे. आकडे पन्नास-साठ लाखांपासून पुढे ऐकलेत. जमीन विकली जाते, नाहीतर नातेवाइकांकडून व्याजाने उचलतात, आणि मग तो मुलगा तिकडे एखाद्या मोटेलमध्ये किंवा पेट्रोलपंपाच्या दुकानात ओळखीच्याच माणसाकडे रोख पगारावर राबतो, कर्ज फिटेपर्यंत नोकरी सोडायची सोय नाही, तक्रारीची तर नाहीच. असं घर आतून किती पोखरतं ते मी जवळून बघितलंय. आई फोनवर हसून बोलते आणि फोन ठेवला की रडते.

डिंगुचा तुम्हाला आठवत असेल. गांधीनगर जिल्ह्यातल्या या गावचं जोडपं, त्यांची ११ वर्षांची मुलगी आणि ३ वर्षांचा मुलगा, चौघं जानेवारी २०२२ मध्ये कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात अमेरिकेच्या सरहद्दीपासून जेमतेम १२ मीटरवर गोठून मेलेले सापडले. विझिटर व्हिसावर टोरांटोला उतरले होते, तिथून त्यांना हिमवादळात चालवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या कोर्टात या चोरट्या ने-आणीतल्या दोघांना दोषी ठरवलं, पुढच्या वर्षी एकाला १० वर्षं आणि एकाला साडेसहा वर्षं शिक्षा झाली. त्याच २०२२ साली मेहसाण्याकडची पोरं अमेरिका-कॅनडा सरहद्दीवरच्या नदीत बुडत्या बोटीतून पकडली गेली, कोर्टात उभी केली तर त्यांना इंग्रजीत साधं उत्तर देता येईना, आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बँड, म्हणजे मार्क, चांगले आलेले! म्हणजे परीक्षेपासूनच कुणीतरी पैसे खाल्लेले. समाजावर परिणाम विचारताय ना, तर हाही परिणामच, की प्रामाणिकपणे अभ्यास करून बसणाऱ्या मुलाच्या मार्कांवरही आता कुणी विश्वास ठेवत नाही. गुजरातचा पासपोर्ट बघितला की खरी फाइलसुद्धा संशयाने तपासली जाते असं आम्हाला वाटायचं.

अमेरिकेत काय होतं हा वाद तिथल्या अर्थशास्त्रज्ञांमध्येही मिटलेला नाही. १९८० मध्ये क्यूबाहून सुमारे सव्वा लाख लोक थोड्या महिन्यांत मायामीला आले. डेव्हिड कार्डने १९९० मध्ये तपासून लिहिलं की तिथल्या लोकांच्या मजुरीवर फारसा परिणाम दिसत नाही. पुढे जॉर्ज बोर्हासने तीच आकडेवारी वेगळी काढली आणि म्हणाला की शाळा अर्धवट सोडलेल्यांची मजुरी चांगलीच पडली. मला दोघांमधून एवढंच कळतं की सरासरीचा आकडा बघून सगळं ठीक आहे म्हणू नये, सगळ्यात खालच्या पायरीवर कोण उभं आहे ते बघावं, कारण धक्का बसला तर तिथे आधी बसतो. या खालच्या पायरीवरचे लोक वंशद्वेषी आहेत म्हणून स्थलांतराला विरोध करतात असं सरसकट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पण 'फुकट खातात' हेही खरं नाही. कागद नसलेले कितीतरी लोक दुसऱ्याच्या किंवा खोट्या नंबरवर नोकरी करतात, त्यांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनचा हप्ता, कापली जाते आणि म्हातारपणी त्यातलं काही त्यांच्या हाती पडत नाही. फक्त एक गोम आहे, हा पैसा जातो वॉशिंग्टनला आणि मुलांच्या शाळेचा खर्च पडतो राज्यावर आणि गावावर, कारण १९८२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे मुलाला कागद नाहीत म्हणून सरकारी शाळा नाकारता येत नाही. म्हणून गावातले लोक चिडतात तेही खोटं नाही. गुन्हेगारीचं म्हणाल तर टेक्सस राज्य पकडलेल्या माणसाचा इमिग्रेशनचा दर्जाही नोंदवतं, त्या नोंदींवरच्या अभ्यासात गंभीर गुन्ह्यांत अटक होण्याचं प्रमाण या लोकांमध्ये तिथे जन्मलेल्यांपेक्षा कमी दिसलं. एखादी भयंकर घटना झाली की सगळा समूह त्यात ओढला जातो, ते थांबायला पाहिजे.

आणि रांगेत उभ्या असणाऱ्यांचं काय? माझा मावसभाऊ तिकडे एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे, नोकरी, टॅक्स, सगळं नियमाने. कुठल्याही एका देशाला ग्रीनकार्डांच्या ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतीयांच्या ईबी-टू, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या ग्रीनकार्डाच्या रांगेत २०२५ मध्ये २०१३ च्या आसपास अर्ज केलेल्यांचा नंबर चालू होता. असा माणूस जेव्हा म्हणतो की उडी मारून आलेल्याला माफी देऊ नका तेव्हा त्याचं ऐकून घ्यावं. अमेरिकेने १९८६ मध्ये रेगनच्या काळात जवळजवळ २७ लाख लोकांना कायदेशीर केलंच होतं, बदल्यात मालकांना दंड करू असं ठरलं. कायदेशीर करणं झालं, मालकांचं राहून गेलं, कारण 'माहीत असूनही' कामावर ठेवलं हे सिद्ध करावं लागायचं आणि मालक म्हणायचा मला काय माहीत, कागद तर दाखवले होते. २००७ पर्यंत कागद नसलेल्यांची संख्या सव्वा कोटीच्या घरात गेली.

आता आपल्याकडचं. आसाममधल्या लोकांची भीती मी कधीही हसण्यावारी नेणार नाही, बाहेरून येणाऱ्यांमुळे जमीन, भाषा, मतदारयादी हातातून जातेय असं वाटून तिथे १९७९ पासून सहा वर्षं आंदोलन झालं, १५ ऑगस्ट १९८५ ला करार झाला आणि २४ मार्च १९७१ ही तारीख ठरली, त्यानंतर आलेला तो परकीय. एनआरसीची, म्हणजे तिथल्या नागरिकांच्या नोंदवहीची, अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ ला आली, सव्वातीन कोटींहून जास्त लोकांनी अर्ज केले होते, १९ लाख बाहेर राहिले, आणि त्यांचं पुढे काय ते अजून लोंबकळतंय. परकीय नागरिकांच्या कायद्यात आपण परकीय नाही हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावरच असतं. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या घरातलं सांगतो, आजीचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात आजोबांच्या घरी तांदळात नवीन नाव लिहिलं तेव्हापासून तेच. शाळेचा दाखला माहेरच्या नावाने, रेशनकार्ड सासरच्या नावाने, आणि गुजरातीत लिहिताना आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. जन्मदाखला नव्हताच. ती आयुष्यभर दांडिया बाजारात राहिली, आणि तिला कुणी परकीय कोण ते ठरवणाऱ्या ट्रिब्युनलसमोर उभं केलं असतं तर वडिलांशी नातं जोडणारा एक धड कागद दाखवता आला नसता. आसाममध्ये पुराने घर वाहून गेलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बाईचं काय होत असेल याचा विचार करा.

बडोद्यातल्या घडियाळी पोळमध्ये सोनारांकडे बंगाली कारागीर पिढीजात कौशल्याचं काम करतात, पश्चिम बंगालमधल्या हुगळी-मेदिनीपूरकडचे. २०२५ च्या त्या मोहिमेच्या दिवसांत त्यांच्यातले काहीजण दुकानातून खोलीपर्यंत जातानाही कागदांची पिशवी बरोबर घेऊन चालायचे. स्वतःच्या देशात. घुसखोराला जरूर शोधा, पण बोलीवरून शोधायला लागलात तर परराज्यात राहणाऱ्या आपल्या मराठी माणसालाही उद्या तेच सोसावं लागेल.

कुणी म्हणतं आपण मराठी लोकही इथे गायकवाडांबरोबर बाहेरूनच आलो, मग दुसऱ्याला कसं बोलणार. मला ही तुलना पटत नाही. ते राज्य जिंकून आले, सत्ता त्यांची होती. आज येणाऱ्याच्या हातात काहीच नसतं, आणि देशाला आपल्या दारातून कोण येतं ते ठरवायचा हक्कही आहेच.

राहिला भिंतीचा प्रश्न. थोडा उपयोग होतो, पूर्ण नाही. भारत-बांगलादेश सरहद्द ४,०९६ किलोमीटर, त्यातली बहुतेक कुंपणाने बंद झालीय, उरलेल्यात नद्या, खाजण, दर पावसाळ्यात जागा बदलणारी बेटं, तिथे खांब कुठे रोवणार? अमेरिकेत तर खूप लोक रीतसर व्हिसा घेऊन विमानाने उतरतात आणि मुदत संपल्यावर परतच जात नाहीत, त्यांना कुठलीच भिंत आडवी येत नाही. (तुमच्या ओळखीत कुणी असा बेत करत असेल तर त्याला हे नक्की सांगा की वर्षभराहून जास्त असं राहून बाहेर पडलं की सहसा १० वर्षं परत प्रवेश नाही.) परत पाठवायलाही समोरच्या देशाने 'हा आमचा' असं म्हणावं लागतं, तो नाही म्हणाला तर माणूस कॅम्पात पडून राहतो. माझ्या मते कामाच्या जागांवर धाडी पडाव्यात आणि खटला मालकावर भरावा, मजुराने तक्रार केली तर आधी त्याची बुडालेली मजुरी मिळावी आणि मग त्याच्या कागदांचं बघावं, हंगामी कामासाठी खरा, स्वस्त परवाना मिळावा, आणि गावातल्या एजंटची प्रॉपर्टी जप्त व्हावी. डिंगुचासारखं काही झालं की आठवडाभर एजंटांच्या ऑफिसांवर कुलुपं लागतात, नंतर बोर्ड बदलून तीच माणसं तिथेच बसतात, हे आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना माहीत आहे आणि पोलिसांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.