युरोपला नक्की जा, पण हप्ता डोक्यावर घेऊन नको

ताई, फेब्रुवारीत माझं लग्न आहे. मी शाळेत शिकवते, पगार 22 हजार. ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याचा हिशेब बघतात, त्यांना 40 हजार. दोघांचे मिळून साडेतीन लाख साठलेत. एजंटनं पॅरिस, स्वित्झर्लंड, इटलीचं साडेसहा लाखांचं पॅकेज सांगितलंय, लग्नानंतर आठव्या दिवशी निघायचं. उरलेल्या 3 लाखांचं ते पर्सनल लोन काढणार. "आयुष्यात एकदाच जायचंय" म्हणतात. बाबांनी लग्नासाठी आधीच कर्ज उचललंय. मलाही युरोप बघायचाय, पण रात्री झोप लागत नाही. बोलले तर ते नाराज होतील का?
– एक वाचक, सोलापूर

बाळा, होतील कदाचित. तरी बोल, आणि अक्षता पडायच्या आधी बोल. झोप उडवणारी गोष्ट नवऱ्यापासून लपवून संसाराला सुरुवात करू नकोस. त्यांना तुला आनंदात ठेवायचंय, म्हणूनच ते एवढा घाट घालताहेत. तेव्हा "परवडत नाही" असं न म्हणता "मला जायचंय, पण कर्ज काढून नको" एवढंच सांग. मग कागद घेऊन शेजारी बस. ते हिशेबातले माणूस आहेत, आकडे त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळतील. 3 लाख, 12 टक्के व्याज, 3 वर्षं धरली तर हप्ता जवळजवळ 10 हजार आणि नुसतं व्याज 58 हजारांच्या वर जातं. तुझा जवळजवळ अर्धा पगार, तीन वर्षं!

आता तेच 10 हजार लग्नानंतर दर महिन्याला बाजूला टाका. नोव्हेंबरपर्यंत 90 हजार होतात, म्हणजे हातात 4 लाख 40 हजार. लग्नानंतर लगेच विजापूर, बदामी, हंपी असं चार दिवस फिरून या आणि युरोप दिवाळीनंतर ठेवा. पहिला दिवाळसण माहेरी होईल, तुझ्या आईचं मन राहील. नोव्हेंबरात तिकडे थंडी कडक असते आणि साडेचारलाच अंधारून येतं, हे खरं. पण उन्हाळ्याच्या मानानं विमानाची आणि हॉटेलांची भाडी बरीच उतरलेली असतात, आणि महिन्याच्या मध्यापासून ऑस्ट्रियात व्हिएन्नाला नाताळचे बाजार भरू लागतात.

दहा दिवसांत तीन महागडे देश म्हणजे अर्धा वेळ बसमध्ये. माझं ऐकशील तर हंगेरीचं बुडापेस्ट, ऑस्ट्रियाचं व्हिएन्ना, चेकचं प्राग एवढंच करा. बुडापेस्टला उतरायचं, प्रागहून परतायचं, म्हणजे मागे फिरावं लागत नाही. बुडापेस्टहून व्हिएन्ना रेल्वेनं अडीच-पावणेतीन तास, तिथून प्राग चार तास, आपली हुतात्मा एक्सप्रेस सोलापूरहून पुण्याला जायला घेते साधारण तेवढेच. तिकिटं रेल्वेच्या साइटवर लवकर काढली की स्वस्त पडतात. व्हिएन्नात राहणं महाग, तिथे दोनच रात्री ठेवा. शॉनब्रुन राजवाड्याच्या बागेला तिकीट नाही, ऑपेरात उभं राहून बघायची तिकिटं अगदी थोड्या पैशांत मिळतात, नळाचं पाणी बिनधास्त प्यावं. प्रागचा चार्ल्स पूल आणि रात्री दिव्यांनी उजळलेला बुडापेस्टमधला डॅन्यूब नदीचा काठ फुकटच. बुडापेस्टच्या सेचेनी स्नानगृहात मात्र हात आखडू नका. बाहेर गारठा आणि तुम्ही दोघं उघड्यावरच्या गरम पाण्यात, हे सुख पैसे मोजून घ्यावं असंच आहे.

व्हिसाचं नीट ऐक. तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, त्यामुळे एकच व्हिसा लागतो आणि जिथे जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज करायचा. फी माणशी 90 युरो, व्हिसा अर्ज केंद्राचं शुल्क वेगळं, आणि नकार आला तर फी परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. 30 हजार युरोंचा प्रवास विमा सक्तीचा आहे. कुणी "व्हिसाची गॅरंटी" दिली तर त्या दारातून परत फिरा, निर्णय फक्त वकिलातीचा असतो. आणि काकांकडून दोन लाख उसने आणून आठवडाभर खात्यात फुगवटा दाखवायचा, हे करू नका. अचानक आलेल्या रकमेबद्दल विचारणा होते. दर महिन्याला थोडी थोडी वाढलेली शिल्लकच तुमच्या बाजूनं बोलते.

खाण्याचा खर्च मोठा, तो सोबतच्या पिशवीतून वाचवा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडाभर टिकते, सकाळ तिच्यावर निघते. पेढे, तूप नेऊ नका, बाहेरून येणाऱ्यांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणू देत नाहीत. हंगेरीत फोरिंट आणि चेकमध्ये कोरुना चालतो, विमानतळावर पैसे बदलू नका. कार्डानं देताना मशीननं "रुपयांत घेऊ का" विचारलं तर नाही म्हणा, तिथलंच चलन निवडा.

बाबांच्या कर्जाचंही याच बैठकीत काढ. लग्नानंतर तुझ्या पगारातून त्यांना काही द्यायचं असेल तर ते होणाऱ्या नवऱ्याला आजच माहीत असू दे. मग सहलीचा आकडा खाली आला तरी तो का आला हे त्यांना समजेल.

आणि पासपोर्टवरचं नाव सहलीआधी बदलायला जाऊ नकोस. माहेरच्या नावावर व्हिसा मिळतो, फक्त तिकीट आणि विमा त्याच नावानं काढा.

– ताई