पोलिसांच्या गोळीने कोणी मेलं, तर चौकशीही पोलिसच करतात का?

हो, करतात. फक्त दुसरे पोलिस. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र या निकालात बजावलं की एन्काउंटरचा तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा. शिवाय दंडाधिकारी चौकशी सक्तीची.

ती चौकशी कशी चालते ते मी जवळून पाहिलंय. नागपुरात एका सरकारी कार्यालयात मी स्टेनो होतो, अशा एका चौकशीचं टायपिंग माझ्याकडे होतं. पेपरात कोपऱ्यात नोटीस येते, ‘कोणास काही माहिती असल्यास हजर राहावे’. कोण वाचतं ती? गोळीबार करणाऱ्या पथकातले शिपाई मात्र वेळेवर हजर. पहिल्याचा जबाब टाइप झाला, पुढच्यांचं फक्त नाव आणि बक्कल नंबर बदलायचं काम उरलं. रात्रीची वेळ, प्रत्येक जण वेगळ्या जागी उभा, तरी सगळ्यांना सगळं त्याच क्रमाने दिसलेलं.

मग मेलेल्या पोराचे वडील आले, उमरेडकडून, सकाळच्या एसटीने. नोटिशीचं कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं. साहेबांनी विचारलं, “घटनेच्या वेळी तिथे होता का?” ते म्हणाले, “नाही जी, पण पोराले आदल्या दिवशी घरूनच नेलं होतं न.” “ते या चौकशीत येत नाही,” साहेब म्हणाले. जबाब दोन ओळींचा झाला, खाली अंगठा. निष्कर्ष काय निघाला असेल ते सांगायला नको.

माझा साळा पोलिसातून रिटायर झालाय. घरात कुठलंही कार्य असो, त्याचं एकच पालुपद: “भाऊजी, गुंड मेला, तुमाले काहून त्रास?” त्रास याचा की तो गुंड होता हे ठरवलं कोणी? हैदराबादला २०१९ मध्ये बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांनी चकमकीत मारले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आपल्या नागपूरचे न्या. विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने मात्र पोलिसांची कहाणी खोटी ठरवली आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा म्हटलं. कारण तो आयोग सर्वोच्च न्यायालयाने नेमला होता, पोलिस खात्याने नाही. कॅनडात ओंटारियो प्रांतात १९९० पासून यासाठी पोलिसांबाहेरची कायमची यंत्रणा आहे. आपल्याकडे प्रत्येक वेळी घरच्यांनीच कोर्टाची पायरी चढायची. मुंबईत पोलिसांनी बनावट चकमकीत मारलेल्या लखनभैयाचा भाऊ वकील होता म्हणून ते प्रकरण पोलिसांना शिक्षा होण्यापर्यंत गेलं. उमरेडकडच्या त्या बापाने काय करायचं होतं?

प्रत्येक चकमक खोटी असते असं माझं म्हणणं नाही. गडचिरोलीच्या जंगलात जवानांवर खरोखर गोळ्या झाडल्या गेल्या आहेत आणि ते मेलेही आहेत. पण खरी गोळी झाडणाऱ्याला तर बाहेरच्या माणसाने चौकशी केलेली हवीच असायला पाहिजे. नाहीतर त्याच्यावरचा संशय कधी फिटायचा? साळ्याला हेच पटत नाही.

तुमच्या ओळखीत असं काही घडलं असेल तर २०१४ च्या त्याच निकालाचा आधार घ्या. नियम पाळले नाहीत असं वाटलं तर घरच्यांना घटनेच्या हद्दीतल्या सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करायचं असतं, त्याचं चित्रीकरणही व्हायला हवं, ते मागा. आणि माणसाला घरून कधी नेलं, कोणी पाहिलं, हे लेखी अर्जात द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कागदावर येत नाही.