कुत्रा तर उड्या मारतोय, मग दवाखाना कशाला?

मागच्या अंकात पाळीव प्राण्यांच्या विषबाधेवर लिहिताना उंदरांच्या औषधाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्या चार ओळींवरच सगळ्यात जास्त पत्रं आली. त्यातली काही घेते. मी पशुवैद्य आहे. दोन प्रश्न माणसांबद्दलचे आहेत. तिथे मला ठाऊक आहे तेवढं सांगते, शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

प्रश्न: काल दुपारी आमच्या लॅब्रॅडॉरने कपाटामागे ठेवलेली उंदराच्या औषधाची निळी वडी खाल्ली. आज तो नेहमीसारखा खेळतोय, जेवलाही पोटभर. शेजारचे काका म्हणतात, विष भिनायचं असतं तर एव्हाना भिनलं असतं. तरी दाखवायला हवं का?

हो, आणि आजच. हे छापून येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं म्हणून या वाचकांना फोन करून सांगितलं. इथे बाकीच्यांसाठी लिहिते आहे.

काकांचा हिशेब काही विषांना लागू पडतो, याला नाही. अशा वड्यांतली ब्रोडिफॅकम, ब्रोमॅडिओलोन, डायफेनाकम ही सगळी रक्त गोठू न देणारी औषधं. रक्त गोठायला जी प्रथिनं लागतात त्यांना फॅक्टर म्हणतात आणि त्यांना नंबर असतात. त्यातले दोन, सात, नऊ आणि दहा हे चार यकृतात तयार होताना व्हिटॅमिन के मागतात. शरीर हे व्हिटॅमिन एकदा वापरून टाकून देत नाही. एक एन्झाइम ते पुन्हा ताजं करतं आणि तेवढंच व्हिटॅमिन फिरून फिरून कामी येतं. विष नेमकं त्या एन्झाइमला अडवतं. यकृत फॅक्टर बनवत राहतं, पण त्यांना कॅल्शियम धरता येत नाही, म्हणजे ते नावापुरतेच उरतात.

पण आधी तयार झालेले चांगले फॅक्टर रक्तात फिरत असतातच. नळ बंद झाला तरी टाकी रिकामी होईपर्यंत घरात कुणाला पत्ता लागत नाही, तसं. सात नंबरचा फॅक्टर सगळ्यात आधी सरतो, साधारण सहा तासांत निम्मा होतो. बाकीचे जास्त टिकतात. त्यामुळे रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजणारी पीटी ही तपासणी दीड ते तीन दिवसांत बिघडते, आणि खरा रक्तस्राव बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सुरू होतो. कधी त्याहूनही उशिरा. तुमचा लॅब्रॅडॉर आज खेळणारच. या विषात पहिले दोन दिवस असेच जातात.

खाल्ल्यापासून पहिल्या काही तासांत आलात तर आम्ही उलटी करवतो, ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे पोटातलं विष धरून ठेवणारा कोळसा, देतो, आणि पुष्कळदा तिथेच प्रकरण मिटतं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. मिठानेच जीव गेलेले कुत्रे मी पाहिले आहेत. एक दिवस उलटून गेला असेल तर उलटीचा उपयोग नाही. मग पीटी करायची किंवा सरळ व्हिटॅमिन के-वन सुरू करायचं, हे खाल्लेलं प्रमाण आणि कुत्र्याचं वजन पाहून ठरतं. येताना पाकीट, डबी, उरलेला तुकडा, जे हाती लागेल ते घेऊन या. वडीचा रंग सांगून आम्हाला काही कळत नाही. एकाच रंगात तीन प्रकारची विषं मिळतात. शीमध्ये निळे-हिरवे कण दिसले तर मात्र तेही सांगा. खाल्ल्याची ती पक्की खूण असते.

आणि रक्त दिसायची वाट पाहू नका. लोकांना वाटतं नाकातून, तोंडातून धार लागेल. कधी लागतेही, पण पुष्कळदा रक्त आतच साठतं. लंगडतो म्हणून आणलेला एक कुत्रा आठवतो. घरच्यांना मुरगळल्यासारखं वाटलं होतं, पण गुडघ्याच्या सांध्यात रक्त भरलं होतं. तपासणीसाठी सुई टोचली, त्या जागी बोट दाबून धरलं तरी रक्त झिरपतच राहिलं, तेव्हाच काय ते कळलं. दुसऱ्या एका कुत्रीला धाप लागली होती, खोकलाही होता. छातीत रक्त होतं. हिरड्या पांढुरक्या पडणं, सुस्ती, अचानक धाप, पोट फुगणं, काळी शी, विनाकारण निळे-जांभळे डाग यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब निघा. कुत्र्याला पळवू नका, उचलून न्या. आणि लंगडतोय म्हणून घरातली दुखण्यावरची गोळी तर अजिबात नको, त्यातल्या बहुतेक गोळ्या रक्तस्राव आणखी वाढवतात.

प्रश्न: आमच्या कुत्रीने असंच औषध खाल्लं होतं. डॉक्टरांनी महिनाभर व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या. आठ दिवसांत ती ठणठणीत झाली. उरलेल्या तीन आठवड्यांची खरंच गरज आहे का? आणि घरात मल्टिव्हिटॅमिन आहे, त्यात के असतंच, ते चालेल का?

तुमच्या पत्रातला संशय पोचला! दोन्ही प्रश्नांची उत्तरं तुम्हाला आवडणार नाहीत.

ती ठणठणीत आहे ती गोळीमुळे. विष अजून यकृतात ठाण मांडून बसलेलं आहे. याच जातीचं पहिल्या पिढीचं औषध म्हणजे वॉरफरिन, ते काही दिवसांत शरीराबाहेर जातं, पण ब्रोडिफॅकमसारखी दुसऱ्या पिढीची औषधं यकृतात आठवडेच्या आठवडे, थोड्या प्रमाणात तर महिनेही राहतात. तुम्ही आठव्या दिवशी गोळी थांबवलीत तर दोन-चार दिवसांत ती पुन्हा पहिल्या जागी येईल, आणि तेव्हा तुम्ही बेसावध असाल. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याच प्रकारच्या मृत्यूचा. वाचलेलं जनावर गोळ्या बंद केल्यामुळे जातं.

ठरलेला काळ पूर्ण झाला की गोळी थांबवायची आणि शेवटच्या गोळीनंतर 48 तासांनी पीटी करायची. ती बरोबर आली तर सुटका, वाढलेली आली तर आणखी काही आठवडे. ही 48 तासांनंतरची तपासणी कुणी टाळू नये. गोळी चालू असताना केलेली तपासणी चांगलीच येते, तिच्यावर विसंबू नका.

माणसांतही हेच दिसतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात दीडशेहून जास्त लोक रक्तस्राव होत असल्याने रुग्णालयांत आले. त्यांनी ओढलेल्या कृत्रिम गांजात ब्रोडिफॅकमची भेसळ होती. रक्तस्राव थांबवून त्यांना घरी पाठवल्यावरही व्हिटॅमिन के पुढे दीर्घकाळ, काहींना महिनोन्‌महिने घ्यावं लागलं. तुमच्या कुत्रीचा महिना त्यापुढे काहीच नाही.

मल्टिव्हिटॅमिन चालणार नाही. त्यातलं के इतकं थोडं असतं की इथे त्याचा पाड लागत नाही. के-थ्री नावाचा स्वस्त प्रकारही चालत नाही. लागतं ते के-वनच, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. गोळी थोड्या स्निग्ध खाण्याबरोबर दिली की चांगली शोषली जाते. इंजेक्शनच द्या असा आग्रह धरू नका. रक्त गोठत नसताना स्नायूत सुई टोचली की तिथेच रक्ताची गाठ होते, आणि शिरेतून दिलं तर कधी कधी जीवघेणी ॲलर्जी येते.

आणखी एक. के-वन दिल्या दिल्या रक्त थांबत नाही. यकृताला नवे फॅक्टर बनवायला काही तास लागतात. ज्या जनावराला आत्ताच रक्तस्राव होतोय त्याला तयार फॅक्टर द्यावे लागतात, म्हणजे प्लाझ्मा किंवा रक्त. म्हणून सांगते, लवकर या.

प्रश्न: दोन वर्षांच्या भाच्याच्या तोंडात उंदराच्या औषधाचे दाणे सापडले. किती गिळले माहीत नाही. तो बरा आहे. काय करावं?

तोंडातले दाणे बोटाने काढा, तोंड पुसा, उलटी करवू नका, पाकीट घ्या आणि डॉक्टरांकडे जा. विषबाधा माहिती केंद्राचा नंबर हाताशी असेल तर वाटेतच फोन करा.

घाई का, ते सांगते. लहान मुलाने रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचे दोन-चार दाणे चघळले तर बहुतेक वेळा काहीही होत नाही. पण ते त्याच जातीचं होतं हे कुणी सांगितलं? उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडही विकलं जातं. ते पोटातल्या आम्लाला लागलं की फॉस्फिन वायू सुटतो आणि काही तासांत हृदयावर, फुप्फुसांवर परिणाम दिसतो. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट असते, ती यकृत निकामी करते, आणि तिथेही मधले एक-दोन दिवस रुग्ण बरा वाटतो. त्या दोन्हींवर व्हिटॅमिन के हा उतारा नाही. पाकीट नसेल तर डॉक्टर सगळ्यात वाईट शक्यता धरून चालतील, आणि तेच बरोबर आहे.

विष रक्त गोठू न देणारं आहे हे नक्की झालं आणि डॉक्टरांना जास्त गिळल्याची शंका असली, तर ते दोन-तीन दिवसांनी पीटी किंवा आयएनआर (पीटीचाच निकाल, ठरावीक मापात मांडलेला) करायला बोलावतील. त्याआधी ‘काळजी म्हणून’ घरी व्हिटॅमिन के देऊ नका. त्याने तपासणी खोटीच चांगली येते आणि धोका पुढे ढकलला जातो. घरी आणल्यावर हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विनाकारण काळे-निळे डाग, लाल लघवी, काळी शी, फार डोकेदुखी किंवा गुंगी यातलं काही दिसलं तर अपरात्रीही निघा.

यावरून आणखी दोन पत्रं आली, मोठ्या माणसांनी जाणूनबुजून घेतल्याबद्दलची. तिथे थांबणं नाहीच. माणूस कितीही बरा दिसत असला तरी सरळ रुग्णालयात न्या. त्याला एकटं सोडू नका, आणि शरीरावर उपचार चालू असतानाच मनाच्या डॉक्टरांनाही दाखवा.

प्रश्न: आमची मांजर उंदीर धरते. विष खाल्लेला उंदीर तिने खाल्ला तर?

एखाद्या वेळी खाल्ला तर बहुधा निभावतं. या विषाचा परिणाम मांजरींवर कुत्र्यांपेक्षा कमी होतो. धोका आहे तो रोजच असे उंदीर खाण्यात, कारण यकृतात साठा होत जातो. आणि विष भिनलेला उंदीर मंद होतो, उघड्यावर येतो, म्हणून तोच आधी सापडतो. घरात औषध घातलं असेल तर मांजर आत ठेवा आणि मेलेले उंदीर दिसतील तसे लगेच उचला, हातमोजे घालून.

मांजरीची काळजी घेणारं कुणीतरी असतं, घुबडाची कोण घेणार? ब्रिटनमध्ये मेलेल्या गव्हाणी घुबडांची यकृतं वर्षानुवर्षं तपासली जातात, आणि त्यातल्या बहुतेकांत या औषधांचे अंश सापडतात. उंदीर खाऊन आपलं काम फुकटात करणारा पक्षी तो.

प्रश्न: वडील हृदयाच्या झडपेसाठी वॉरफरिन घेतात. ते उंदराचं विष आहे असं वाचल्यापासून गोळी घ्यायला तयार नाहीत.

वाचलं ते खरं आहे, निष्कर्ष चुकला. आणि गोष्ट सुरू होते ती आमच्या गुरांच्या दवाखान्यातून.

1920च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं रक्तस्रावाने मरू लागली. शिंगं कापली, खच्चीकरण केलं की रक्त थांबेना. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्याने शोधून काढलं की दोष बुरशी धरलेल्या स्वीट क्लोव्हरच्या वाळल्या चाऱ्यात आहे. 1933च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन निघाला. त्याला पशुवैद्य हवा होता. कचेरी बंद होती. तो पोचला कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत. लिंकच्या गटाने पुढे काही वर्षं खपून त्या चाऱ्यातलं रक्त गोठू न देणारं द्रव्य, डायक्युमेरॉल, वेगळं केलं, त्याच घराण्यातून वॉरफरिन आलं आणि 1948 मध्ये ते उंदरांसाठी बाजारात गेलं. 1951 मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने ते जीव द्यायला घेतलं, आणि व्हिटॅमिन के दिल्यावर तो पूर्ण बरा झाला. उतारा हाताशी आहे म्हटल्यावर डॉक्टरांना धीर आला. 1954 मध्ये माणसांसाठी परवानगी मिळाली, आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानंतर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते दिलं गेलं.

वडिलांना हे वाचून दाखवा. त्यांची मात्रा मोजून दिलेली आहे, आयएनआर पाहून ती वर-खाली केली जाते. कृत्रिम झडपेवर गुठळी धरली तर ती मेंदूत जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी एक दिवसही चुकवू नये.

प्रश्न: औषध घालून दोन दिवस झाले, एकही उंदीर मेला नाही. आणखी घालू का? आणि हे औषध खाल्लेले उंदीर पाणी शोधत बाहेर जाऊन मरतात, वास येत नाही, हे खरं ना?

आणखी घालू नका. उशिरा मरणं हा या औषधाचा दोष नव्हे, ते तसंच हवं असतं. उंदीर नवं खाणं जपून चाखतो, आणि खाल्ल्याबरोबर बिघडलं तर पुन्हा तोंड लावत नाही. इथे त्रास तीन-चार दिवसांनी सुरू होतो, तोवर कशाने झालं हे त्याला उमगत नाही. वॉरफरिनला न जुमानणारे उंदीर 1958 मध्ये स्कॉटलंडमध्ये सापडले. मग एका खाण्यातच काम करणारी, जास्त टिकणारी औषधं आली. वर कुत्र्यांबद्दल जे लिहिलं ते सगळं त्या जास्त टिकण्यातून आलं आहे.

बाहेर जाऊन मरतात हे खरं नाही. पुष्कळ उंदीर बिळात, छताच्या पोकळीत, कपाटामागेच मरतात आणि वास येतो. उघडी वडी कोपऱ्यात टाकू नका, कुलूपबंद पेटीत ठेवा. कुठे किती ठेवल्या ते कागदावर लिहा, काम झालं की मोजून परत उचला, आणि पाकीट शेवटची वडी उचलेपर्यंत जपून ठेवा.