जळगावच्या उन्हात व्हीआरएस ३०० हॉर्सपॉवरवर न्यायची असेल तर

प्रश्न असा आहे: "जळगावात राहतो. सेकंड-हँड स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० घेतली आहे, ६२,००० किलोमीटर चालली आहे. ३०० हॉर्सपॉवरपर्यंत न्यायची इच्छा आहे. स्टेज १ करू की थेट स्टेज २? सुरुवात कुठून करू?"

भाऊ, गाडी फार चांगली घेतलीत. तुमच्या आकड्यासाठी स्टेज १, म्हणजे फक्त इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल (प्रोग्राम) बदलणं, पुरेसं आहे. पण पहिला पैसा फाइलवर घालू नका, गाडी थंड ठेवण्यावर घाला. मी धुळ्याचा आहे आणि हे मला एक पिस्टन गमावून कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी आधीची गाडी छोटी टर्बो-पेट्रोल हॅचबॅक होती. डिसेंबरात पुण्याला नेऊन रीमॅप करून, म्हणजे ही फाइल बदलून आणली. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) आकडा सुंदर आला, येताना गाडी अशी उचलत होती की घरी पोचूच नये असं वाटत होतं. सगळा हिवाळा मजेत गेला. मग मे महिन्यात एका लग्नासाठी सेंधव्याकडे निघालो. गाडीत पाच माणसं, एसी पूर्ण, दुपारचे दोन. बिजासनच्या चढावर ट्रकला ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. दोन-तीन सेकंदच. मागे निळसर धूर, आणि नंतर गाडीत जीवच राहिला नाही. हेड उघडलं तेव्हा एका पिस्टनची, जिच्यात रिंग बसते ती कड तुटलेली निघाली. माझ्या फिटरने पिस्टन हातात फिरवून बघितला आणि म्हणाला, "गाडी तापनी भो." फाइल करणाऱ्याला मी सांगितलं नव्हतं की गाडी धुळ्यात चालणार आहे, आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

हे का झालं ते समजून घ्या, कारण तुमच्या गाडीतही गणित तेच आहे.

टर्बो हवा दाबतो आणि दाबली की हवा तापते. सायकलच्या पंपाचं खालचं टोक गरम होतं तसंच. बाहेर १५ अंश असताना १ बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) दिला, तर सर्वसाधारण टर्बोमधून हवा १०० अंशांच्या जरा वर तापून निघते. बाहेर ४५ अंश असतील तर तीच हवा १४५ च्या आसपास जाते. पुढे इंटरकूलर ती थंड करतो, पण तो बाहेरच्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. चांगल्या स्थितीतला इंटरकूलर वाढलेल्या उष्णतेपैकी तीन चतुर्थांश काढून घेतो असं धरा. म्हणजे डिसेंबरच्या पहाटे इंजिनात शिरणारी हवा ३८-४० अंशांवर येते आणि मेच्या दुपारी ७० वर. गरम हवा विरळ असते, त्यामुळे नऊ टक्क्यांच्या आसपास प्राणवायू तिथेच कमी झाला. ३०० मधले २५ हॉर्सपॉवर उन्हाने नेले म्हणा. आणि हे गाडी धावत असताना. जळगावात सिग्नलला पाच मिनिटं उभी राहिली की इंटरकूलरचं धातूच तापून बसतं. तुमच्या गाडीत तो एसीच्या कंडेन्सरच्या मागे आहे. मे महिन्यात एसी बंद करून आपल्याकडे कोण गाडी चालवतं? म्हणजे कंडेन्सरने आधीच तापवलेली हवा इंटरकूलरला मिळते.

ताकद कमी झाली एवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं. खरी भीती नॉकिंगची आहे. स्पार्क प्लगने पेटवलेली ज्वाळा सिलिंडरभर पसरायच्या आत कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेटतं. दाब एका क्षणात चढतो आणि पिस्टनवर हातोडा पडल्यासारखा घाव बसतो. इंजिन ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. तो हा घाव ऐकतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा टाकतो. कंपनीच्या फाइलमध्ये ही मागे सरकायची जागा भरपूर ठेवलेली असते, कारण तीच गाडी नॉर्वेच्या थंडीत चालते आणि राजस्थानच्या उन्हातही. रीमॅप म्हणजे ही राखीव जागा खाणं. बूस्ट वाढवायचा, ठिणगी लवकर टाकायची, टॉर्कच्या (फिरवायच्या जोराच्या) मर्यादा वर न्यायच्या. युरोपातल्या माणसाने ती जागा खाल्ली तर त्याच्याकडे थंड हवा आणि ९८ ऑक्टेनचं पेट्रोल आहे. ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल नॉकिंगला जास्त तोंड देतं. आपल्याकडे उन्हाळा आहे.

त्यामुळे ट्यूनरला पहिलं वाक्य हे सांगा: "गाडी जळगावात चालते, उन्हाळ्यात ४५ अंशात." तयार फाइल लगेच टाकून देणाऱ्याकडे जाऊ नका. तुमच्या गाडीचा लॉग (चालवताना नोंदलेले सेन्सरचे आकडे) बघणारा हवा. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी किती अंश मागे घ्यावी लागली, इन्टेक हवेचं (इंजिनात शिरणाऱ्या हवेचं) तापमान किती, इंधनाचा दाब टिकला का, हे बघून फाइल बदलणारा. आणि डायनोची तारीख शक्य असेल तर एप्रिलची घ्या. जानेवारीच्या आकड्याची प्रिंट फ्रेम करायला बरी, पण तिच्यावर विश्वास ठेवून मेमध्ये चालवू नका.

पेट्रोलचं बोलू. साध्या पेट्रोलची किमान पातळी बरीच वर्षं ९१ ऑक्टेन होती, प्रीमियम ९५ किंवा त्याहून वरचं. तुम्हाला जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात रोज जे खात्रीने मिळतं त्याच्यावरच फाइल बनवून घ्या. १०० ऑक्टेनची फाइल टाकली आणि रात्री मुक्ताईनगरजवळ टाकी रिकामी झाली तर काय भरणार? पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे आणखी एक गोष्ट बदलली आहे. इथेनॉल स्वतः नॉकिंगला चांगलं तोंड देतं, ते आपल्या फायद्याचं आहे. पण लिटरमागे त्याच्यात पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. वीस टक्के मिसळीत तेवढ्याच कामासाठी जास्त पेट्रोल फवारावं लागतं, म्हणजे इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंपावर आधीच जास्त भार. ३०० च्या फाइलमध्ये तो भार आणखी वाढतो. म्हणून लॉगमध्ये इंधनाचा दाब बघायला सांगितलं.

आता आकड्याकडे येऊ. कंपनीने तुमच्या गाडीला २३० हॉर्सपॉवर आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क दिला आहे. या दोन आकड्यांचं नातं सरळ आहे. टॉर्क गुणिले आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), भागिले ७०२२. ३५० ला ४६०० ने गुणून भागा, २२९ येतात. म्हणजे ५५०० आरपीएमला ३०० हवे असतील तर तिथे साधारण ३८५ न्यूटन-मीटर लागतात. हे मुद्दाम सांगतो, कारण बरेच ट्यूनर गिऱ्हाईकाला खूश करायला २५०० आरपीएमलाच ४५० न्यूटन-मीटरचा धक्का देतात. सीटला पाठ चिकटते, मित्र ओरडतात. पण सर्वात जास्त मार बसतो तो तिथेच. आरपीएम कमी असताना नॉकिंगला वेळ मिळतो, कनेक्टिंग रॉडवर ताण येतो आणि तुमच्या सहा गिअरच्या डीएसजीच्या (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) क्लच प्लेट घसरतात. ट्यूनरला सांगा की खालचा टॉर्क ४०० च्या आत ठेव आणि वरच्या आरपीएमला टिकव. गाडी कमी नाट्यमय वाटेल, पण आग्रा रोडवर खरी वेगवान तीच असेल. गिअरबॉक्सचीही फाइल सोबत करून घ्या, नाहीतर क्लचचा दाब जुनाच राहतो. ६२,००० झालेत, तर डीएसजीचं ऑइल आणि फिल्टर आधी बदला. त्याची मुदत साठ हजारांची असते. बदलल्याची पावती आधीच्या मालकाकडे नसेल तर बदललंच नाही असं समजा.

माझा क्रम असा राहील. आधी गाडीची तब्येत: कूलंट कमी होतंय का, रेडिएटरच्या जाळीत किडे आणि माती किती, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे का, प्लग आणि कॉइल. प्लग एक पायरी थंड प्रकारचे (उष्णता लवकर सोडणारे), गॅप जरा कमी. मग मोठा इंटरकूलर. त्यानंतर फाइल. एकाच दिवशी तिन्ही करू नका, कारण काही बिघडलं तर कशाने ते कळत नाही.

एका गोष्टीबद्दल मी हट्टी आहे: उघडा कोन फिल्टर लावू नका. आवाज छान येतो हे खरं. पण तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि आपल्याकडे फेब्रुवारीपासून जूनपर्यंत काळ्या मातीची धूळ, शेतरस्त्यावरून येणारे ट्रॅक्टर, जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू. टर्बोची पाती मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात, त्यांना ही धूळ वाळूच्या कागदासारखी लागते. कंपनीचा बंद डबा ठेवा, आतला कागदी फिल्टर दर पाच हजारांना बदला.

स्टेज २ मध्ये डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) येतो, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लागतो. तो काढून टाकणं मला पटत नाही. मागच्या गाडीतल्या मुलाने तो धूर का घ्यायचा? कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली गेली. विमा कंपनीला न सांगता केलेल्या बदलावर अपघाताचा दावा अडतो. यातला धोका कुणीही तुमच्या वतीने घेणार नाही, तेव्हा करण्याआधी विमा कंपनीशी लेखी बोला.

ब्रेकवर पैसे वाचवू नका. १०० ऐवजी १४० ला गाडी थांबवायची तर उष्णता जवळजवळ दुप्पट तयार होते, दीडपट नाही. डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषला की ही हमी १५५ वर येते. चाळीसगावहून कन्नड घाट चढून परत उतरताना जुन्या ऑइलवर पेडल मऊ पडलेलं मी अनुभवलंय, आणि ती गाडी रीमॅप केलेलीही नव्हती. ऑइल दर दोन वर्षांनी, चांगले पॅड, आणि टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाच वर्षांपेक्षा जुने असतील तर खाच कितीही दिसो, बदला. पुढची चाकं ओढणारी गाडी आहे, ३०० हॉर्सपॉवर जमिनीला देणारे तेच दोन टायर आहेत.

आणि ही ताकद बायपासवर केळीच्या ट्रकांमधून बघू नका. रावेर-सावद्याचा माल रात्रभर चालतो, चालक थकलेले असतात, ट्रॅक्टरला मागे दिवा नसतो. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर ट्रॅक डे होतात. वर्षातून एकदा गाडी घेऊन जा, तिथले दोन दिवस इथल्या शंभर ओव्हरटेकपेक्षा जास्त देतील.

आत्ता एक काम करा. काहीही बदलायच्या आधी एक ओबीडी स्कॅनर (गाडीला जोडून सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र) घ्या, दोन-तीन हजारांत मिळतो. कडक उन्हाच्या दुपारी, एसी चालू ठेवून, शहरात अर्धा तास फिरून गाडी महामार्गावर काढा आणि नेहमीच्या वेगात इन्टेक हवेचं तापमान शेजारी बसलेल्याला वाचायला सांगा. आकडा इथे कळवा. ६५ च्या वर स्थिर राहत असेल तर फाइलसाठी ठेवलेले पैसे आधी इंटरकूलरला द्या. ५५ च्या खाली असेल तर कोणत्या ट्यूनरला काय विचारायचं ते पुढे बोलू.