ऊसतोडणी यंत्र आलं की तोडणी मजुरांच्या टोळ्यांचं काय होणार? आणि मजुरी एवढी वाढूनही कर्नाटकातल्या चिकोडी भागात अजून टोळ्याच का दिसतात?

याच प्रश्नात पुढे "मजूर माजले म्हणून यंत्र आलं, अर्थशास्त्रही तेच म्हणतं" असं एक वाक्य आहे. त्याच्यासाठीच हे उत्तर लिहितोय. अर्थशास्त्र असं म्हणत नाही. अर्थतज्ज्ञ जॉन हिक्स यांनी 1932 साली मांडलं ते इतकंच, की उत्पादनाचा जो घटक (मजुरी, भांडवल वगैरे) इतरांच्या मानाने महाग होतो, तो वाचवणारे शोध लागतात. यात माजाचा काय संबंध?

आणि महाग म्हणजे फक्त टनाचा दर नव्हे. ऊस वाहणारा वाहनमालक हंगामाआधी टोळीच्या मुकादमाच्या हातात उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ठेवतो. टोळी आलीच नाही, किंवा संक्रांतीनंतर रातोरात निघून गेली, तर ती उचल बुडते. वर शेतकऱ्याकडून खुशाली, ड्रायव्हरची एंट्री असे दराबाहेरचे पैसे. हे सगळं टनावर वाटून बघा, मग कळेल की कोयत्याच्या (तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीच्या) हाती पडणारी मजुरी वेगळी आणि तोडणीची खरी किंमत वेगळी. यंत्राकडे लोक वळतात ते बहुतेक वेळा बुडालेल्या उचलीमुळे. दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून ट्रॉलीत चढवणाऱ्या नवराबायकोच्या मजुरीमुळे नाही.

मग सगळीकडे यंत्र का नाही? कारण यंत्र एकटं येत नाही, त्याला रानही तसं लागतं. कागदावर करून बघा. 330 फूट लांब, 66 फूट रुंद असा 20 गुंठ्यांचा तुकडा घ्या. सरी साडेचार फुटी. सऱ्या लांबीने पाडल्या असतील तर यंत्राच्या 15 फेऱ्या होतात. रुंदीने पाडल्या असतील तर 73. एका वळणाला दोन मिनिटं धरली तर पहिल्यात अर्धा तास जातो, दुसऱ्यात जवळजवळ अडीच तास, आणि ऊस तेवढाच! शिवाय शेजारचं रान मोकळं नसेल तर वळायला दोन्ही टोकांना 15-15 फूट ऊस आधी हाताने तोडावा लागतो. लांबीच्या सरीत तो दोन गुंठ्यांच्या आत बसतो, रुंदीच्या सरीत नऊ गुंठे. म्हणजे 20 गुंठ्यांच्या यंत्रतोडीसाठी नऊ गुंठ्यांना टोळीच शोधायची.

आता पैसा. 75 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, पाच वार्षिक हप्ते धरले तर वर्षाला साधारण 19 लाख 80 हजार. हंगामात 90 दिवस यंत्र चाललं आणि दिवसाला 80 टन पडला, तर टनामागे हप्ता 275 रुपये. तुकडे बारीक, वळणं जास्त, म्हणून 40 टनच पडला तर 550. डिझेल, ऑपरेटर, पाती वेगळीच. "अनुदान द्या, प्रश्न मिटला" म्हणणाऱ्यांनी हा आकडा नीट बघावा: सरकारने हप्ता निम्मा केला तरी बारीक तुकड्यांतलं यंत्र जेमतेम मोठ्या रानातल्या बिनअनुदानी यंत्राच्या बरोबरीला येतं. वर्षानुवर्षं हे सांगतोय, पण मागणी पुन्हा अनुदानाचीच.

तीन फुटी सरीत यंत्र घालू नका. चाक शेजारच्या बुडख्यांवरून जातं आणि खोडवा (तोडलेल्या बुडख्यांतून येणारं पुढचं पीक) विरळ उगवतो. पात्यांची धार गेली असेल तर ऊस कापला न जाता बुडख्यासकट फाटतो. पंखा मंद ठेवला तर पाचट ट्रॉलीत जातं आणि कारखाना वजनातून कापतो. जोरात ठेवला तर उसाचे तुकडेच बाहेर उडतात. आणि दूधगंगेकाठच्या काळ्या रानात वाफसा नसताना, म्हणजे ओल असताना, यंत्र उतरवलं तर ते रुततं, रान दबतं ते वेगळंच. यंत्राने तुकडे केलेला ऊस त्याच दिवशी कारखान्याच्या गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर साखरेचा उतारा घसरतो. गेटवर रांग लावून दुसऱ्या दिवशी आत गेला तर यंत्राने वाचवलेला वेळ फुकट.

टोळ्यांचं काय, हा तुमचा मूळ प्रश्न. अमेरिकेत 1964 अखेर मेक्सिकन शेतमजुरांना हंगामी परवाने देणारी ब्रासेरो योजना बंद झाली. स्थानिक मजुरी वाढेल, असा हिशेब होता. क्लेमेन्स, लुईस आणि पोस्टेल या अर्थतज्ज्ञांनी 2018 साली आकडे तपासले तेव्हा मजुरी वाढल्याचं दिसलं नाही. कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडणीचं यंत्र तयारच होतं, आणि ते सोसेल असा टणक टोमॅटोही पैदाशीने काढून ठेवला होता, म्हणून मालक यंत्राकडे वळले. जिथे असं यंत्र नव्हतं, तिथे मालकांनी पिकंच कमी केली. त्यामुळे "टोळ्या येईनात तर आपल्या गावच्या पोरांना चांगला दर मिळेल" हे गणित मला पटत नाही. जुने अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनीही आधी यंत्रांच्या बाजूने बोलून आपल्या ग्रंथाच्या 1821 च्या आवृत्तीत कबूल केलं होतं, की यंत्राने मजुराचं नुकसान होऊ शकतं.

अर्थात तिथे सरकारने माणसं थांबवली, इथे कुणी थांबवलेली नाहीत, त्यामुळे तुलना जास्त ताणू नये. आणि माझा हिशेब पाच वर्षांचा आहे. यंत्र त्यापुढे टिकलं तर टनाचा खर्च उतरतो.

घेऊ की नको, ते तुमच्या गटातल्या सऱ्या मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. एक राहिलं: टोळी वाढं (उसाचे हिरवे शेंडे, जनावरांचा चारा) बाजूला काढते, यंत्र ते चिरडून रानात फेकतं. दारात म्हशी असतील तर चार-पाच गुंठे कोयत्यालाच ठेवा.