टाकीतलं शेवाळ

प्रश्न: माझ्या माशांच्या दोन फुटी टाकीत वॅलिसनेरिया हे लांब पानांचं पाणझाड लावलंय. मे लागल्यापासून पानांवर केसांसारखे हिरवे धागे धरलेत. दिवा बारा तास चालू असतो. औषध टाकू का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: औषध राहू द्या. बारा तास दिवा म्हणजे शेवाळाला पंगतच! टायमर लावून तो सहा तासांवर आणा. टाकी पश्चिमेच्या खिडकीपाशी तर नाही ना? माझी दोन वर्षं तिथंच होती. दुपारी चारचं ऊन थेट काचेवर, आणि मी मूर्खासारखा दर रविवारी काच घासत बसायचो.

धागे जुन्या टूथब्रशवर शेवयांसारखे गुंडाळून काढा. दुसऱ्या हातानं झाड बुडाशी धरा, नाहीतर मुळासकट हातात येतं. मग हॉर्नवर्ट नावाचं पाणझाड थोडं सोडा. ते भराभर वाढतं आणि शेवाळाचं खाद्य आधी आपणच ओढून घेतं. माशांना दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला.

आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला, क्लोरीन मारणारे थेंब टाकून. फक्त बादली सकाळीच भरा. आपल्याकडे मेच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून जे पाणी येतं, त्यात मासे शिजायचेच बाकी राहतात.