आधी डब्याचा वास घे
जुन्या जंगलपटाचं रीळ हाती लागलं म्हणून लगेच ते डिजिटल करायला स्कॅनिंगचे भाव विचारत सुटू नकोस. डबा उघडून वास घे. व्हिनेगरसारखा आंबट आला, तर ॲसिटेट या प्लॅस्टिकची फिल्म कुजायला लागलीय, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ती कूज धावतच सुटते. माझं पहिलं रीळ असंच गेलं. माळ्यावरून काढलं तेव्हा कडा झालरीसारख्या लहरत होत्या. प्रिंट 1950च्या आधीची असेल तर नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मची असू शकते. ती पेटली की पाण्यानंही विझत नाही, तेव्हा घरात न ठेवता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात विचार.

खरी गोम पुढंच आहे. स्कॅन झालेलं चित्र साफ करणारं सॉफ्टवेअर एकाच फ्रेममध्ये दिसलेला ठिपका धूळ समजून खोडतं. त्याला काय कळतंय, ते उडालेलं पाखरू आहे की पाण्याचा शिंतोडा! सेकंदाला 24 फ्रेम असल्या तरी धबधब्याचे शॉट हातानंच साफ कर. वाघ-हत्तींचे तुकडे बऱ्याचदा दुसरीकडून आणून जोडलेले, म्हणून जास्त रवाळ. ते गुळगुळीत केलेस तर वाघ मेणाचा होतो. रात्रीचे प्रसंगही अनेकदा दिवसा, फिल्टर लावून घेतलेले. उजळलेस तर नायिका भरदुपारी कंदील घेऊन फिरताना दिसेल. आणि हो, सिनेमाची डिस्क बाजारात काढण्याआधी हक्क कुणाकडे आहेत ते बघून परवानगी लेखी घे.